ओपन वॉटर कार्ड आहे, पण मालवण-गोव्यात खरी डाइव्ह आणि बुडालेली जहाजं गाठायची कशी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मुक्काम सांगली, नोकरी बँकेत, पोहायला शिकले ती कृष्णेच्या घाटावर, पाठीला डबा बांधून. गेल्या हिवाळ्यात अंदमानात हॅवलॉकला ओपन वॉटर (स्कुबाचा पहिला, कार्ड मिळतं तो) कोर्स केला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. पण दर वेळी पोर्ट ब्लेअरचं विमान पगारात बसत नाही, रजेत तर अजिबात नाही. आपल्याला एवढी मोठी किनारपट्टी असताना कुठे लांब जायचं, म्हणून मालवणला जाऊन आले.

बाजारात पाय ठेवला की पाट्याच पाट्या. स्कुबा, पॅरासेलिंग, बनाना राइड, डॉल्फिन, सगळं एकाच पॅकेजात. एका स्टॉलवर म्हटलं, "माझ्याकडे कार्ड आहे, मला स्वतःची डाइव्ह करायची आहे." तो म्हणाला, "मॅडम, कार्ड चालत नाही, कॅश नायतर यूपीआय."

मग सगळ्यांसारखीच बोटीतून गेले. एका दादाने मागून टाकी धरली आणि भाजीच्या पिशवीसारखं मला खाली फिरवून आणलं. माशांना पाव टाकला, व्हिडिओ काढला, वर. दादाचं वागणं चांगलं होतं, तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण माझे हात-पाय कशासाठी होते ते कळलं नाही.

तर विचारायचं असं की माझ्यासारख्या नवशिक्या पण कार्डवाल्या माणसाने इथे जायचं कुठे? आणि दुसरं म्हणजे मला बुडालेली जहाजं बघायची आहेत. गोव्यात एक आहे असं ऐकलंय. त्याला पुढचा, अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स लागतो का? कोर्समधल्या डाइव्ह सोडल्या तर माझं लॉगबुक, म्हणजे डाइव्हची नोंदवही, जवळपास कोरं आहे. सासूबाईंचं म्हणणं, जिथे माणसं बुडाली तिथे मुद्दाम कशाला जायचं. नवरा काही म्हणत नाही, फक्त विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते विचारतो.

लोकलवाला

मालवण-गोवा कशाला, मुंबईच्या तोंडावर रामदास बोट बुडालीय की. आमचे आजोबा दर गटारीला ती गोष्ट सांगायचे. तिथे कोणी नेतं का? मीही येतो. (कार्ड नाही, उत्साह आहे.)

सुकती-भरती

ताई, "कार्ड चालत नाही" वाचून पोटभर हसलो. मी देवबागचा. वडील रापणीवर होते, मी टाक्या उचलता उचलता डायव्हर झालो आणि आता हंगामात गोव्याकडे बोटीवर असतो. तो पोरगा कोण असेल याचा अंदाजही आहे, मालवण केवढंसं!

त्याची बाजू आधी सांगतो. त्याच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांत बहुतेकांना पोहता येत नाही. त्यांना किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात नेऊन हसत वर आणणं हा त्याचा धंदा. तो धंदा खोटा नाही, पण ते डायव्हिंगही नाही. त्याच बोटीवर तुमच्यासारखी एक कार्डवाली घेतली तर तुम्हाला वेगळा गाइड, वेगळी जागा आणि पाऊण तास द्यावा लागणार. गर्दीच्या दिवशी ते त्याला परवडत नाही. म्हणून बाजारात जाऊन विचारायचंच नाही. आठवडाभर आधी फोन करायचा आणि शब्द नेमके वापरायचे: "सर्टिफाइड डायव्हर आहे, फन डाइव्ह हवी" (म्हणजे कार्डवाल्याची हौसेची डाइव्ह). समोरचा लगेच "लेव्हल काय, शेवटची डाइव्ह कधी मारली, लॉगबुक आणणार ना" असं उलट विचारू लागला तर समजा माणूस कामाचा. "काय टेन्शन घेऊ नका, पोहता आलं नाय तरी चालतं" म्हणाला तर फोन ठेवा. फोनवरच आणखी विचारून घ्या: एका गाइडमागे किती जण, बोटीवर ऑक्सिजनचा किट आहे का, आणि सगळे खाली गेल्यावर बोटीवर कोण थांबतं. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस अडखळला तर तिथे जाऊ नका.

सुरुवात तारकर्लीला करा. एमटीडीसीची स्कुबाची संस्था आहे तिथे, शिकवण्यासाठी बांधलेल्या तलावासकट. आधी तलावात एक रिफ्रेशर, म्हणजे शिकलेल्याची उजळणी, घ्या, मग त्यांच्याबरोबर समुद्रात जा. रिफ्रेशर म्हणजे कमीपणा नव्हे. कारण आता जे पाणी मिळणार आहे ते तुम्ही पाहिलेलंच नाही.

हॅवलॉक माणसाला बिघडवतं. तिथे वरून तळ दिसतो. आमच्याकडचं पाणी हिरवं. चार-पाच मीटर दिसलं तर आम्ही त्याला चांगला दिवस म्हणतो, आणि वाईट दिवशी स्वतःच्या पायातले फिन्स दिसत नाहीत. कर्ली नदी देवबागच्या टोकाला समुद्रात उतरते, ती पावसाळाभर गाळ आणते. तो बसायला दिवाळी उलटते. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत या. मार्चमध्येही चालतं, पुढे वारा फिरतो. पावसाळ्यात तर सगळं बंदच.

आणि येताना हवामानाच्या अ‍ॅपबरोबर कालनिर्णय बघा, चेष्टा नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, ओढ वाढते आणि तळातला गाळ उठतो. अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांगाची भरती असते. पाणी सुस्त असतं, गाळ खाली राहतो. तुम्हाला शनिवार-रविवारच मिळणार हे माहीत आहे, पण अधूनमधून एखादा शनिवार भांगाला लागून येतो. तो पकडा. त्या दिवशी भरती भरून थांबते त्या सुमारास खाली गेलात तर सगळ्यात उत्तम, कारण तेव्हा बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं.

आता जहाज. गोव्यात मुरगावच्या समोर ग्रँड आयलंड आहे. तिथे सुझीज रेक म्हणतात ते बुडालेलं जहाज (रेक म्हणजे तेच) पडलेलं आहे, आणि जवळच डेव्ही जोन्स लॉकर नावाच्या जागीही जहाजाचे तुकडे विखुरलेत. तुमच्या ओपन वॉटरला १८ मीटरची मर्यादा आहे. हे त्याच्या बरंच आत बसतं, त्यामुळे बाहेरून बघायला अ‍ॅडव्हान्स्ड लागत नाही. पण डोळ्यांसमोर सिनेमातलं डोलकाठीवालं जहाज असेल तर ते आत्ताच पुसून टाका. खाली आहे ते मोडलेलं लोखंड. नांगराच्या दोरीला धरून उतरताना पहिले काही मीटर फक्त हिरवं. मग त्या हिरव्यात एक काळा डाग दिसतो, तो मोठा होत जातो आणि एकदम हाताच्या अंतरावर लोखंडाची भिंत होते, वर शेवाळ आणि कालवं चिकटलेली. टॉर्च मारला की तीच भिंत लाल-नारिंगी निघते, कारण ते रंग पाण्यात वरच्या वरच गळून गेलेले असतात. सांदीत शेवंडाच्या मिशा हलताना दिसतात. एखादा गोबरा मासा तोंड बाहेर काढून बसलेला असतो आणि तुम्ही अगदी जवळ जाईपर्यंत हलत नाही. मला विचाराल तर चांगल्या दिसणाऱ्या प्रवाळापेक्षा हे भारी. जहाज पडलं म्हणूनच त्या रेताड तळावर माशांना घर मिळालं.

हात लावायचा नाही. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. गार पाण्यात कापलेलं कळतही नाही, वर आल्यावर बोटीत रक्त दिसतं. गंजकं लोखंड आहे, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवून या. दुसरी गोष्ट जाळ्यांची. कोळ्यांची तुटलेली नायलॉन जाळी लोखंडाला अडकून राहतात आणि हिरव्या पाण्यात ती दिसत नाहीत. कमरेला मोठा सुरा नको, बीसीडीवर, म्हणजे हवा भरायच्या जाकिटावर, छातीपाशी छोटा कटर लावा. अडकलात तर वळायचं नाही, वळलं की आणखी गुंडाळतं. थांबायचं आणि बडीला, म्हणजे जोडीदार डायव्हरला, बोलवायचं.

आणि आत शिरायचं नाही. दार, भोक, नळकांडं, काहीही असो, डोकंसुद्धा नाही. लोक समजतात फिन्सने गाळ उडवला नाही की झालं. पण तुम्ही सोडलेला श्वास छताला जाऊन लागतो आणि त्या बुडबुड्यांनी वरचा गंज पापुद्रे सुटून खाली झरू लागतो. तुम्ही स्तब्ध असलात तरी झरतो. मग ज्या दारातून आलात ते दार दिसत नाही. आत जायला रेकचं वेगळं शिक्षण आहे. त्यात दोरी बांधत जायला आणि हवेचा हिशेब ठेवायला शिकवतात. ते सावकाश करा, जहाज कुठे पळत नाही.

@लोकलवाला, रामदासचं ऐका. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती, सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबई बंदराच्या पाण्यात हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत, वरून जहाजांची ये-जा. तिथे हौसेची डाइव्ह कोणी नेत नाही आणि नेऊही नये. ताईंच्या सासूबाईंचं अर्धं म्हणणं मला तिथे पटतं. आमच्यातही माणसं गेली त्या जागेवर बोट आली की आवाज खाली येतो.

लोकलवाला

समजलं. आधी पोहायला शिकतो.

बेळगावी_कुंदा

वरच्या प्रतिसादात सगळं आलंय, पण गोव्याआधी मी मुरुडेश्वर सुचवेन. तिथून साधारण १९ किमी आत नेत्राणी बेट आहे. कोकण रेल्वेने मुरुडेश्वरला उतरलं की गावातच डाइव्हवाले. डिसेंबर-जानेवारीत तिथे गोव्याच्या दुप्पट-तिप्पट दिसतं. नवीन माणसाला आधी आपला तोल सांभाळायला शिकायचं असतं, ते दिसणाऱ्या पाण्यात लवकर जमतं. जहाज नाही तिथे, पण नौदल पूर्वी त्या बेटावर गोळीबाराचा सराव करायचं. खाली काही धातूचं, नळकांड्यासारखं दिसलं तर लांबून नमस्कार करा, उचलून बघू नका.

दुसरा मुद्दा, जो घाटावरच्या लोकांना कोणी सांगत नाही. डाइव्हनंतर विमानात बसायचं नाही हे कोर्समध्ये शिकलातच: एक डाइव्ह असेल तर बारा तास, जास्त असतील तर अठरा. तो नियम दोन हजार फुटांपासून पुढच्या उंचीसाठी धरलेला आहे. आता आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे, म्हणजे सव्वादोन हजार फूट. आमचं बेळगाव त्याहूनही वर. म्हणजे सकाळी दोन डाइव्ह मारून, दुपारी सुरमई थाळी हाणून संध्याकाळी घाट चढलात, तर शरीराच्या दृष्टीने तुम्ही विमानातच बसलात. डाइव्हमध्ये अंगात साठलेल्या नायट्रोजनला गाडी आणि विमान यातला फरक कळत नाही. आम्ही चोर्ला घाटाने परततो तेव्हा रात्रीचा मुक्काम खालीच करतो. सकाळी अकराला पाण्याबाहेर आलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचनंतर घाट.

कृष्णाकाठ

घाटाचं खरंच कोणी सांगितलं नव्हतं! माझा बेत बरोबर तोच होता, रविवारी सकाळी डाइव्ह आणि रात्री सांगली. फोंडा घाटाने गेलं तर काही फरक पडतो का? आणि सोमवारी बँक उघडायची असते हो.

@सुकती-भरती काका, पाण्याखालून एखादी छोटीशी आठवण, म्हणजे खिळा वगैरे, आणली तर चालते का? मुलाला दाखवायला. आणि ती नौदलाची बोट मालवणजवळ बुडवणार होते, तिचं काय?

बेळगावी_कुंदा

घाट कुठलाही धरा, वर सगळं पठारच. सांगली स्वतः साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. वाटेत त्याहून उंच चढून मग उतरायचं. शुक्रवारी रात्री निघा, शनिवारी सकाळी डाइव्ह, रविवारी आरामात नाश्ता करून घरी. नवऱ्यालाही आणा, तो विम्याचे कागद घेऊन किनाऱ्यावर बसेल.

सुकती-भरती

काका नको ओ, दादा म्हणा. केस मिठाच्या पाण्याने पांढरे झालेत.

कुंदांचं घाटाचं शंभर टक्के. नेत्राणीचं मात्र अर्धंच पटलं. पाणी छान आहे, वाद नाही. पण ज्याला शेवटी आपल्याच किनाऱ्यावर डाइव्ह मारायची आहे त्याने आधी आपलंच पाणी शिकावं. कमी दिसणाऱ्या पाण्यात बडीच्या खांद्याजवळ राहणं, दर थोड्या वेळाने हवेचं गेज बघणं, चुकामूक झाली तर एक मिनिट शोधून वर येणं, या सवयी काचेसारख्या पाण्यात लागतच नाहीत, कारण गरजच पडत नाही. आमच्याकडे लागतात, आणि मग जगात कुठेही उपयोगी पडतात. नेत्राणीला बक्षीस म्हणून जा.

आठवणीचं: खिळाही नाही, कौलाचा तुकडाही नाही. का ते सांगतो. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी गोव्याच्या समुद्रात बुडालेली जहाजं शोधून अभ्यासली आहेत. सुंची रीफला सतराव्या शतकातलं पोर्तुगीज काळाचं जहाज, त्यात हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दातसुद्धा मिळाले. म्हणजे माल आफ्रिकेकडून येत होता हे त्या दातांवरून कळलं. सेंट जॉर्ज रीफला तर कौलांचा ढीग, वर शिक्का 'बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५'. माझ्या आजीच्या घरावर होती ती मंगलोरी कौलं, त्यांच्याच घराण्यातली! त्यातली शिक्क्याची कौलं आधीच कोणी शोकेससाठी उचलून नेली असती तर जहाज काय घेऊन चाललं होतं ते आज कोणाला कळलं असतं? शिवाय शंभर वर्षांपुढच्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. मुलाला फोटो दाखवा. फोटो काढताना तळाला गुडघे टेकू नका एवढंच, नाहीतर फोटोत नुसता चहा येतो.

नौदलाची बोट म्हणजे आयएनएस गुलदार. रणगाडे-सैनिक किनाऱ्यावर उतरवणारं जहाज, पोलंडमध्ये बांधलेलं, १९८५ ला नौदलात आलं, जानेवारी २०२४ ला निवृत्त झालं. पुढच्या वर्षी ते एमटीडीसीच्या ताब्यात दिलं. निवती रॉकजवळ तळाला बसवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळ करायचं अशी योजना. अशी मुद्दाम बुडवलेली बोट नवशिक्यांना जास्त बरी. बुडवण्याआधी तेल-वायरी काढतात, दारं काढून वाटा मोकळ्या करतात, म्हणजे अडकायचा धोका कमी. आमच्या गाबीत मच्छीमार पोरांना तिच्यावर गाइडचं काम मिळालं तर मला आनंद आहे. तोपर्यंत रविवारची गर्दी आणि पाव टाकणं चालूच राहणार. त्या पावाबद्दल एकदा वेगळं लिहीन, माशांची सवय बिघडते त्याने.

राहिलं एक. कोणी अँग्रिया बँकला चला म्हणालं तर आत्ता नको. कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेलं ते पाण्याखालचं प्रवाळाचं पठार आहे, विजयदुर्गापासून शंभर किमीच्या पुढे खोल समुद्रात. तिथे काही झालं तर परत यायलाच दिवस जाईल. नाव ऐकून मराठी माणसाचा ऊर भरतो आणि तो पैसे भरून टाकतो.

बरोबर स्वतःचा मास्क आणा, भाड्याच्या मास्कात नाकात पाणी जातं आणि दोष समुद्राला मिळतो. एक नारिंगी एसएमबी, म्हणजे पाण्यावर उभी राहणारी खुणेची फुगवायची नळी, घ्या, आपल्याकडे त्याला सॉसेज म्हणतात. वर येण्याआधी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबता तेव्हाच ती वर सोडायची. ट्रॉलरवाल्याला आणि स्पीडबोटवाल्या पोरांना तुमचं डोकं दिसत नाही, सॉसेज दिसते. दम्याचा त्रास असेल किंवा कधी होता असं असेल तर डॉक्टरचा फॉर्म भरून घेतल्याशिवाय कोणीही, अगदी मी सांगितलं तरी, पाण्यात उतरायचं नाही.

तारखेचं सांगायचं तर नाताळ ते एक जानेवारी सोडून कधीही या. त्या आठवड्यात मालवणात गाडी लावायला जागा मिळत नाही, डाइव्ह तर दूरच.

कृष्णाकाठ

दादा, कालनिर्णय काढून बसलेय. डिसेंबरातल्या शुद्ध अष्टमीनंतरचा शनिवार धरला आहे. तारकर्लीला उद्या फोन करते, "सर्टिफाइड, फन डाइव्ह" म्हणूनच. सासूबाईंना रामदासचं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तो माणूस शहाणा दिसतोय, त्याच्याबरोबर जा." येताना सांगलीची हळद आणि बेदाणे आणते.